नळाचे पाणी आणि सातवीचा पाठ : पदवीधर शिक्षकांनो, वर्गाची आखणी हाती घ्या!

आमच्या गावाकडच्या विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यास चालतो. गावी गेलो की तासभर आम्हीही तिथे बसतो. गेल्या पावसाळ्यात असेच बसलो असताना सातवीतल्या एका मुलीने आम्हाला संविधानाची उद्देशिका म्हणून दाखवली. एकही शब्द चुकला नाही, कुठे अडखळली नाही. शाळेत परिपाठाला रोज म्हणतात ना! निकालपत्रकात तिला सामाजिक शास्त्रात ‘अ-२’ श्रेणी. आम्हाला कौतुक वाटले. सहज विचारले, “बाळ, यातली समानता म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “दर्जाची व संधीची समानता.” उत्तर बरोबर. आम्ही पुढे विचारले, “मग आपल्या वाड्यात ती आहे का?” मुलगी गप्प. बाजूला बसलेली तिची आजी हसली. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, “काका, ते पुस्तकात नाही.”

वाचकहो, त्या एका वाक्याने आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. ज्या वाड्यात ही मुलगी राहते तिथे चाळीसेक घरांना मिळून एक सार्वजनिक नळ आहे आणि त्याला एक दिवसाआड पाणी येते. वरच्या आळीत घराघरात तोट्या आहेत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘हर घर जल’ असे निळ्या अक्षरात रंगवले आहे. ती मुलगी सकाळी घागर घेऊन त्याच भिंतीवरून जाते, मग शाळेत जाऊन समानतेची प्रतिज्ञा करते, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिला सात वर्षांत कुणी सांगितले नाही. तिला ‘अ-२’ कशाचा मिळाला? पाठांतराचा!

दुसऱ्या दिवशी तिचे सर भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले पदवीधर शिक्षक. आपल्याच समाजातले, तरुण, मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलेले, मग बी. एड. “जयभीम दादा” म्हणून आदराने बसवले. आम्ही मुलीची हकीकत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून टाचणवही काढली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाल शाईने अध्ययन निष्पत्ती लिहिलेली, संकेतांकासह. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर जो तक्ता छापलेला असतो त्यातून उतरवलेली. खाली प्रस्तावना, विषयविवेचन, दृढीकरण, गृहपाठ. अक्षर मोत्यासारखे. केंद्रप्रमुखांचा शेरा ‘उत्तम’. आम्ही विचारले, “सर, ही लाल शाईतली ओळ आणि खालचा पाठ यांचा संबंध काय?” ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, “दादा, संबंध नाही. वरचे तपासणीसाठी, खालचे शिकवण्यासाठी.”

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. शाळेत न गेलेल्या आमच्या आयाबहिणींनाही हा विषय कळला पाहिजे, कारण लेकरे त्यांची आहेत. अध्ययन निष्पत्ती हा शब्द अवघड दिसतो. अर्थ सोपा आहे. शिक्षकाने काय शिकवले याचा हिशेब म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा दाखला. मुलाला काय करता येऊ लागले याचा हिशेब म्हणजे अध्ययन निष्पत्ती. सुतार म्हणतो, मी रंधा शिकवला. मालक विचारतो, पोराला फळी सरळ करता येते का? दुसरा प्रश्न खरा.

ही कल्पना काही काल परवा दिल्लीहून आलेली नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारला जो जाब विचारला, तो नेमका हाच. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणारे प्रत्येक मूल साक्षर होऊन आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहील अशा अवस्थेला पोहोचूनच बाहेर पडले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू, असे त्यांनी बजावले होते. आणि आकडा काय मांडला? शंभर मुले शाळेत आली तर चौथीपर्यंत पोहोचतात अवघी १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळा किती काढल्या, मास्तर किती नेमले एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत, मुलाच्या पदरात काय पडले ते त्यांनी मोजले. हे भाषण झाले आणि आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. शाळा आणि पाणी हे दोन वेगळे विषय आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात.

त्याच्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात अभ्यासक्रमच आखून दिला आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची जुजबी ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे साधे धडे. खेड्यातला अभ्यास शहरापेक्षा थोडा कमी चालेल, पण तो उपयोगाचा हवा, ही त्यांची दृष्टी. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे असावेत आणि प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, हेही त्यातच. म्हणजे काय शिकवायचे, ते कुणी शिकवायचे आणि त्याला काय द्यायचे, हे तिन्ही प्रश्न तात्यासाहेबांनी एकाच कागदावर मांडले. आजचे शासन निर्णय पाहा, या तिन्हींना तीन वेगळी टेबले असतात!

स्वातंत्र्यानंतर चक्र हळू फिरले. १९९१ मध्ये रा. ह. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘किमान अध्ययन क्षमता’ ठरवल्या आणि त्यावर आधारित क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांत आला. त्या काळचे गुरुजी अजून सांगतात, क्षमतांचे तक्ते भरता भरता क्षमता संपली! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बालकाला हक्क दिला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तावार, विषयवार अध्ययन निष्पत्ती ठरवून देणे आले. एनसीईआरटीने त्या तयार केल्या, आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांत छापल्या गेल्या. कायद्याच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. मुलाला काय आले पाहिजे हे पहिल्यांदाच पालकाच्या हातातल्या पुस्तकात लिहून मिळाले. पण तो तक्ता वाचणारे पालक किती? आमचा अनुभव सांगतो की पुस्तकाला कव्हर घालताना ते पान पहिल्यांदा दुमडले जाते.

आता पदवीधर शिक्षक म्हणजे कोण, तेही सांगितले पाहिजे. सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, अशी कायद्याच्या अनुसूचीतच तरतूद आहे. ही जागा नुसती बढतीची नाही. विषय घेऊन पदवी केलेल्या माणसाने तो विषय मुलांच्या पातळीवर आणून मांडावा, असा त्यामागचा हेतू. बी. ए., बी. एस्सी. केलेला माणूस जर गाइडमधली प्रश्नोत्तरेच फळ्यावर उतरवणार असेल तर त्याच्या पदवीची गरज काय? गाइड तर चौथी पास माणूसही उतरवेल.

तेव्हा त्या तरुण शिक्षकासोबत आम्ही तीन संध्याकाळी बसलो. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही, पण चाळीस वर्षे चळवळीत शिबिरांचे अभ्यासक्रम आखले आहेत आणि शिबिर फसले की का फसले याचा विचार केला आहे. सरांनी बी. एड.ला राल्फ टायलरचे नाव वाचले होते. १९४९ साली त्या अमेरिकन माणसाने चार प्रश्न मांडले : शाळेने काय साधायचे, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे, आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे. परीक्षेला त्यांनी ते लिहिले होते, दहापैकी आठ गुण मिळाले होते, आणि वर्गात एकदाही वापरले नव्हते. (यात त्यांचा दोष थोडा, बी. एड. कॉलेजांचा जास्त.) पुढे १९९८ मध्ये विगिन्स आणि मॅकटाय या दोघांनी तोच विचार उलट्या टोकाने मांडला. पाठापासून सुरुवात करू नका, शेवटापासून करा. आधी ठरवा की मुलाने काय करून दाखवले म्हणजे त्याला कळले असे मानायचे. मग त्याची कसोटी बनवा. पाठ सगळ्यात शेवटी.

आम्ही तसेच केले. एनसीईआरटीच्या यादीत सातवीच्या सामाजिक शास्त्रासाठी एक निष्पत्ती आहे : राजकीय, आर्थिक आणि सामाजिक समानता यांत फरक करता येणे. तिच्याच शेजारी दुसरी : आपल्या परिसरातल्या सामाजिक, राजकीय व आर्थिक प्रश्नांचा समानतेच्या हक्काच्या संदर्भात अर्थ लावता येणे. सरांनी ही दुसरी ओळ तीनदा वाचली. “दादा, इथं ‘आपल्या परिसरातल्या’ असं लिहिलंय. मी दोन वर्षे हे लाल शाईनं लिहितोय, वाचलंच नव्हतं!”

मग पहिला प्रश्न आला पुराव्याचा. मुलीला समानता कळली हे आपण कशावरून मानणार? व्याख्या लिहिली म्हणून? नाही. ‘पुढीलपैकी योग्य पर्याय निवडा’ यावरून? तेही नाही. सर म्हणाले, तिला एक प्रसंग द्यायचा : गावात सगळ्यांना मत एकच, पण पाणी वेगवेगळे. यात कोणती समानता आहे, कोणती नाही, आणि कशावरून? हे तिला चार वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत, एखादी मोजलेली गोष्ट पुढे करून सांगता आले तर निष्पत्ती साधली. आम्ही म्हटले, आता याची श्रेणी लावायची पट्टी बनवा. नुसते मत मांडले तर एक पायरी. समानतेचा प्रकार बरोबर ओळखला तर दुसरी. पुरावा दिला तर तिसरी. संविधानातल्या कलमाशी जोडले तर चौथी. हा कागद पाठाच्या आधी तयार झाला. इथे एक गंमत सांगतो. प्रश्नपत्रिकेची जी आखणी शिक्षक करतात, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, तिला शाळेच्या भाषेत ‘संविधान तक्ता’ म्हणतात. इतकी वर्षे हा शब्द शिक्षकांच्या तोंडी आहे. पण त्या तक्त्यात संविधान किती आणि पाठांतर किती, हे कुणी तपासले?

पुढचे काम सोपे झाले, कारण आता कुठे पोहोचायचे ते ठरले होते. पहिल्या तासाला मुलांनी गावाचा कच्चा नकाशा काढला. आळ्या, वाडा, विहीर, टाकी, शाळा, देऊळ, विहार. दुसऱ्या तासाला गट पाडले, प्रत्येक गटाने आपापल्या आळीतल्या तोट्या मोजून आणायच्या आणि एक घागर भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचे. इथे गणिताच्या मॅडम सामील झाल्या. त्यांना गुणोत्तर आणि शेकडेवारी शिकवायचीच होती. पुस्तकात सफरचंदे आणि पेन्सिलींची उदाहरणे आहेत. त्यांनी तोट्या आणि घरे घेतली. मुलांना शेकडेवारी का काढायची हे पहिल्यांदा कळले, कारण नुसता आकडा फसवतो. वरच्या आळीत घरे जास्त म्हणून तोट्या जास्त, असे एक मुलगा म्हणाला. मॅडम म्हणाल्या, “चल, घरामागे किती ते काढू.” काढले, आणि तो मुलगाच सगळ्यात आधी गप्प झाला. तो वरच्या आळीचा. त्याला कुणी टोचून बोलले नाही हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. भागाकाराने जे सांगितले ते पुरे होते.

मराठीच्या गुरुजींकडे अर्जलेखन होते. दरवर्षी मुले ‘वर्तमानपत्राच्या संपादकांस पत्र’ लिहितात, जे कुठेच जात नाही. या वेळी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा ठरला. विषय, संदर्भ, मोजलेली माहिती, मागणी, सह्या. तिन्ही पदवीधर शिक्षकांनी आपापल्या विषयाच्या निष्पत्ती एका कागदावर मांडल्या तेव्हा लक्षात आले की वेळ जास्त लागला नाही, उलट दोन तास वाचले! तिघांचे तीन प्रकल्प होते, त्यांचा एक झाला.

तुम्ही म्हणाल, हे सगळे गोड गोड झाले. झाले नाही. अर्जाची गोष्ट गावात गेली आणि दुसऱ्या दिवशी दोन पुढारी शाळेत. “मास्तर, पोरांना राजकारण शिकवता का? आमच्या पोरांना आमच्याविरुद्ध उभं करता का?” मुख्याध्यापक घाबरले. बदलीचा विषय निघाला. ज्याला गावात भाड्याने खोली मिळवताना आडनाव सांगावे लागले होते त्या तरुण शिक्षकाचे काय झाले असेल, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पण त्यांच्या हातात एक गोष्ट होती. त्यांनी टाचणवही उघडली, निष्पत्तींची यादी उघडली, ती लाल ओळ दाखवली. “साहेब, हे मी ठरवलेलं नाही. देशभरासाठी छापलेलं आहे. आपल्या परिसरातल्या प्रश्नाचा अर्थ लावता आला पाहिजे, असं लिहिलंय. हे मी शिकवलं नाही तर माझी चूक.” मुख्याध्यापकांनी चष्मा लावून ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पुढाऱ्यांपुढे कागद सरकवला. चहा झाला. पुढारी निघून गेले. एरवी जी ओळ तपासणीपुरती लिहिली जाते, ती त्या दिवशी ढाल झाली.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये तर स्पष्ट म्हटले आहे की अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना संविधानातली मूल्ये पाळली गेली पाहिजेत, मूल भयमुक्त असले पाहिजे आणि पाठांतरापलीकडे जाऊन त्याला समजले का आणि ते वापरता येते का हे पाहिले पाहिजे. हे कलम किती शिक्षकांच्या कार्यालयात लावलेले आहे? सुविचारांचे फलक मात्र भरपूर असतात.

आमचे काही कार्यकर्ते मित्र या विषयावर आमच्याशी भांडतात आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, ‘किमान’ हा शब्दच घातकी आहे. श्रीमंतांच्या शाळेत मुलांना कमाल शिकवतात, आमच्या मुलांना किमान. उद्या कारखान्यात सूचना वाचता आली, पावती समजली, एवढ्यावर त्यांना बाहेर काढणार. यात खोटे काही नाही. जिथे शिक्षक निष्पत्तीला छत समजतो तिथे तेच होते. पण आम्ही म्हणतो, ती जमीन आहे. आज आमची मुले त्या जमिनीवरही उभी नाहीत. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतली जवळपास निम्मी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत नव्हती. ही मुले कुणाची? अग्रहारातली नाहीत. जी जमीन आपल्याला मिळायची आहे ती आधी मागायची की छत ठेंगणे आहे म्हणून घरातच जायचे नाही?

मात्र एका बाबतीत आम्ही या मित्रांच्या पूर्ण बाजूने आहोत. निष्पत्ती साधली नाही तर शिक्षा कुणाला? कायदा झाला तेव्हा आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नव्हते. जबाबदारी शाळेची, शासनाची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ते दार उघडले आणि आपल्या राज्याने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण झाला नाही तर विद्यार्थी त्याच वर्गात. म्हणजे सातवीपर्यंत शेकडेवारी कुणी नीट शिकवली नाही, आणि आठवीत नापास व्हायचे ते मुलाने! १९२७ साली ज्या ८२ मुलांचा हिशेब बाबासाहेबांनी सरकारकडे मागितला होता, त्या मुलांना त्यांनी नापास ठरवले नव्हते. नापास ठरले होते सरकार.

आणि शिक्षक तरी आहेत कुठे? १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात संचमान्यतेचे जे निकष आले त्यात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की पदवीधर शिक्षकाचे पद शून्य. शिक्षक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या. शून्य! कायद्याची अनुसूची म्हणते तीन विषयांना तीन, आणि टेबलावरचा कागद म्हणतो शून्य. वीसपेक्षा कमी मुले कुठे असतात? तांड्यावर, पाड्यावर, वाडीवर. शहरातल्या वसाहतीत नव्हे. जिथे पदे आहेत तिथेही विज्ञानाचा पदवीधर इंग्रजी शिकवतो, भाषेचा पदवीधर गणित रेटतो, आणि उरलेला वेळ मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड. कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, तयारीच्या वेळेसह. तयारीचा वेळ! आमच्या त्या तरुण सरांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले. त्यांची तयारी रात्री दहानंतर होते.

मानके कोण ठरवतो, हा प्रश्नही डोळ्यांआड करून चालणार नाही. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातल्या मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक घातलेला निघाला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी जाळली, ती शंभरी भरायच्या आत मुलांच्या मूल्यांत परत येत होती. समाज उठला, गदारोळ झाला, शिक्षणमंत्र्यांना तो श्लोक पाठ्यक्रमात येणार नाही असे सांगावे लागले. आम्ही त्या वेळी निषेध केला आणि घरी आलो. पण त्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या. आपल्यातल्या किती पदवीधर शिक्षकांनी बाकीची शेकडो पाने वाचून लेखी सूचना पाठवली? एका श्लोकाला विरोध करायला हजार माणसे जमतात. सातवीला समानतेसाठी किती तास ठेवले हे वाचायला दहाही बसत नाहीत. हे आम्ही स्वतःलाही विचारतो, कारण आम्हीही ती पाने नंतर, उशिरा, वाचली.

आपल्या समाजात शिक्षक थोडे नाहीत. प्रत्येक तालुक्यात आहेत. जयंतीच्या व्याख्यानाला बोलावले तर ‘शिका’ या शब्दावर ते तासभर बोलतात. ७ नोव्हेंबरला, बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी, २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस साजरा होतो. त्या दिवशी हार, फोटो, निबंधस्पर्धा. आमची त्यांना विनंती आहे की महिन्यातला एक रविवार विहारात एकत्र बसा. तीन विषयांचे तीन पदवीधर, एक निष्पत्ती, एक कागद. पुराव्यापासून सुरुवात करा. कोकणातल्या शिक्षकाला नळ नको असेल, त्याला होडी आणि मासळीचा भाव घेता येईल. मराठवाड्यातल्याला ऊसतोडीची उचल आणि तिच्यावरचे व्याज. सातवीच्या गणितात सरळव्याज आहेच. ज्या मुलाचा बाप उचल घेऊन सहा महिने फडावर जातो त्याला व्याजाचा दर काढता येणे म्हणजे काय, ते आम्ही कशाला सांगावे? शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत, त्यांनाही त्या दिवशी बोलवा. पुस्तकाचे ते दुमडलेले पान उघडून वाचून दाखवा. सभेत त्यांनी एवढेच विचारायचे : माझ्या मुलीला यातले काय येते, आणि ते तुम्ही कसे पाहिले?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गावी गेलो होतो. सरांनी त्या घटकाच्या वह्या दाखवल्या. एकोणीस मुलांपैकी अकरा तिसऱ्या पायरीपर्यंत आली होती, चार जण चौथ्या. चार मुले अजून पहिल्याच पायरीवर होती आणि त्यांतल्या दोघांना मुळात जोडाक्षरे वाचता येत नाहीत हे या निमित्ताने उघड झाले. सर आता त्यांना मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास वेगळे बसवतात. उद्देशिका म्हणणाऱ्या त्या मुलीने लिहिले होते की माझ्या आजीचे मत आणि सरपंचांचे मत सारखेच मोजले जाते म्हणून राजकीय समानता आहे, पण आमच्या चाळीस घरांना एक तोटी आहे आणि घागर भरायला रांगेसह पन्नास मिनिटे लागतात म्हणून सामाजिक समानता नाही, आर्थिकसुद्धा नाही. शेवटी कंसात तिने लिहिले होते : कलम १५ बघा. सरांनी चौथी पायरी दिली होती.

नळ अजून एकच आहे. ग्रामपंचायतीने अर्जावर आवक क्रमांक टाकून शिक्का मारून पोच दिली, ती सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी चिकटवलेली आहे. उत्तर आलेले नाही. सर म्हणाले, पुढचा घटक मूलभूत हक्कांचा आहे, आणि त्यात माहितीचा अधिकार कसा वापरायचा तेही घ्यावे असे मॅडमचे म्हणणे पडले. मुले दिवस मोजताहेत. तीस पूर्ण झाले की दुसरा अर्ज.